करंजी घाटापुरतं इंजिन

पाथर्डी
१२ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. फोन वाजून वाजून गप्प बसतो. पत्र येऊन पडतं आणि पडून राहिलं की डोळ्यांत खुपतं. शिवाय पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा माझा फायदा. गांधीधामच्या तुझ्या टँकरमालकाचा पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तू सुट्टीला मिरजगावला येतोस आणि मी आले असं कळलं की मागच्या दाराने शेतात जातोस, हे तिलाही आता बघवत नाही.

घाबरू नकोस, मी रडायला लिहिलेलं नाही. काम आहे. कांडपाची गाडी पुन्हा सुरू करायची आहे आणि नवी पिकअप घ्यायची आहे. डिझेलच घ्यायची हे ठरलं. नगरच्या शोरूममध्ये दोन दाखवल्या, एक पंधराशे सीसीची आणि एक पंचवीसशेची. कोणती घेऊ ते सांग.

इथे ज्याच्याकडे सायकल आहे तोसुद्धा सल्ला देतो. अजिनाथ मेकॅनिक म्हणतो पंधराशे बास झाली, अ‍ॅव्हरेज देते. तुझे दाजी म्हणतात, घ्यायची तर मोठीच, ओढायला कमी पडायला नको. शोरूममधला पोरगा ज्या गाडीजवळ आपण उभे राहू तीच सगळ्यात चांगली म्हणतो. मला यांतल्या कुणाचंच ऐकायचं नाही. गाडीतलं कळणारा आमच्या घरात तू एकच होतास.

मिरची कांडायचं यंत्र तीन वर्षं शेडमध्ये पोतं पांघरून बसलं आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. जाण्याआधी सहा महिन्यांचं तिखट, मसाला, हळद सगळं तयार लागतं. आपली गाडी दारात जायची तेव्हा बायका बसल्या जागी कांडून घ्यायच्या. आता डोक्यावर मिरची घेऊन जीपमध्ये उभ्या राहून तालुक्याला येतात. घाटावरच्या गावांतून तर रोज कुणीतरी विचारतं, ताई, गाडी कधी.

आणि घाटावर जायचं म्हणजे करंजी घाट आलाच. तो दिवस मी उकरून काढत नाही. आपला दोन सिलिंडरचा टेम्पो चढणीला बंद पडला, मागे आला, दरीच्या कठड्याला अडकला आणि दाजींचा पाय चेपला. स्टिअरिंगवर तू होतास. दवाखान्यात सासूबाई तुला जे बोलल्या ते बोलल्या. तू ऐकून घेतलंस आणि निघून गेलास, तो गेलासच. मला एवढंच वाटतं, की इंजिनात दम असता तर टेम्पो बंद पडला नसता. या वेळी चूक झालेली मला चालणार नाही. गाडी त्याच वळणावरून जाणार आहे आणि तिच्यात माझी माणसं असणार आहेत.

दाजी आता बरे आहेत. काठीशिवाय फिरतात. गाडी तेच बघतील.

फक्त इंजिनाबद्दल लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी,
ज्ञानेश्वरी


पाथर्डी
२ सप्टेंबर

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने आधी स्वतः वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं, मग माझ्या हातात दिलं. ना मायना, ना सही. तीन प्रश्न आणि खाली एक रेघ. तरी अक्षर बघून मला इतकं बरं वाटलं, की मी ते देवघरात ठेवलं. सासूबाईंनी बघितलं आणि तिथून काढलं नाही. त्यांचं न काढणं म्हणजे किती, हे तुला माहीत आहे.

तुझे प्रश्न घेऊन मी शोरूमला गेले. पोराला म्हटलं, बीएचपी मला सांगू नकोस. ओढ किती, आणि ती ओढ कमी आरपीएमला मिळते, का इंजिन किंचाळायला लागल्यावर? त्याने मालकाला बोलावलं. मालकाने चहा मागवला. मग दोघांनी कागद काढले. पंचवीसशेची ओढ खालूनच सुरू होते. पंधराशेला ती मिळवायला अ‍ॅक्सिलरेटर चांगला दाबून धरावा लागतो. सपाटीला दोन्ही सारख्याच पळतात.

मालक म्हणाला, "ताई, पिकअप जाताना भरलेली, येताना रिकामी. तुम्हाला पंधराशे भरपूर झाली." मी म्हटलं, माझी गाडी रिकामी कधीच नसते. यंत्र तिच्या पाठीवर नटबोल्टांनी आवळलेलं असतं, जातानाही आणि येतानाही. देवीची मूर्ती उतरते, आमचं यंत्र उतरत नाही. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मी बोलेपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. यंत्र, त्याचं छोटं इंजिन, डिझेलचा कॅन आणि मिरचीची पोती मिळून टनाच्या आसपास जातं. हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचा जोखून दिलेला जबाब.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, घरचंच माणूस चालवणार आहे. त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे?

दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. शोरूमच्या मागच्या चढावर पंधराशेला माझ्या आरतीने क्लच जरा लवकर सोडला तर ती हिसका देऊन बंद पडली. पंचवीसशे त्याच चुकीवर नुसती गुरगुरली आणि चालू लागली. मला तर तिथेच ठरवून टाकावंसं वाटलं. पण तू सांगितल्याशिवाय सही करायची नाही असं मी घरात सांगून ठेवलं आहे. दाजींनी मान हलवली. ते हल्ली मानच जास्त हलवतात.

ज्ञानेश्वरी


पाथर्डी
२० सप्टेंबर

दादा,

या वेळी पोस्टकार्ड नाही, पाकीट आलं. पोस्टमनचा हिरमोड झाला.

तू चिडलास ते वाचलं. "न वाकणारा पाय क्लचचा आहे हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? दाजी गाडी चालवूच शकत नाहीत. आरतीच्या हातात देणार असशील तर गाडीच घेऊ नकोस." बरं, धरलंस मला. आरतीच चालवणार आहे. पोर आता बावीस वर्षांची आहे, लायसन आहे, गेलं वर्षभर ती चुलत्याचा दुधाचा टेम्पो चालवते आहे. आधी लिहिलं असतं तर तू उत्तरच दिलं नसतंस, म्हणून लिहिलं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

पण तुझ्या पत्रातली खरी गोष्ट त्याच्या खाली होती. रागात तुझ्या हातून निसटली. तू लिहिलंस, "मोठं इंजिन घेतलंस तर दाजी आणखी माणसं बसवतील, एवढाच फरक पडेल."

मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र घेऊन सरळ ओट्यावर गेले. दाजी लसूण सोलत होते. त्यांना म्हटलं, हे काय लिहिलंय? त्या दिवशी टेम्पोत किती माणसं होती? तुम्ही तर म्हणाला होतात की यंत्र आणि दोन पोती.

त्यांनी हातातली पाकळी सुपात टाकली. मग म्हणाले, "बायका हुत्या. मोहट्याहून देवीचं दर्शन करून निघालेल्या. पायथ्याला हात केला त्यांनी. मच्छू स्टेरिंगवरनं न्हाई म्हनत हुता. म्हनला, दाजी, यंत्र हाय मागं, दम न्हाई इंजिनात. म्याच म्हनलं, बसू दे, बायामान्सं हायेत, कुटं जात्यात उन्हाची. समद्यांना मागं चढवलं म्या."

"मग हे तीन वर्षं का सांगितलं नाहीत?"

"वळनावर गाडी बंद पडली, तवा त्यानं आधी बायकांना उड्या मारायला लावल्या. कुणाला खरचटलंबी न्हाई. त्या गेल्या आपापल्या वाटंनं. दवाखान्यात म्या सुदीवर आलो तवर आईचं बोलून झालं हुतं, आन मच्छू गेला हुता. मंग सांगायचं कसं?"

दादा, मला त्या क्षणी तुम्हा दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. एकाने पाय चेपल्यावर गप्प बसायचं, दुसऱ्याने भाऊ म्हणून गप्प बसायचं, आणि मी इथे तीन भाऊबीजा चंद्राला ओवाळायचं! आपल्याकडे रस्त्यात हात केला की गाडी थांबते, रिकामी जागा कुणी घरी नेत नाही, हे मला माहीत नव्हतं का? तू दाजींचं नाव सांगितलं असतंस तर मी काय त्यांना घराबाहेर काढणार होते? चार दिवस बोलले नसते, एवढंच. त्याची तर त्यांना सवय आहे.

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, लेकाच्या पुढ्यातलं लसणाचं सूप उचललं आणि आत गेल्या. जेवताना म्हणाल्या, "म्या म्हातारी मानूस. मला सांगितल्याबिगर कसं कळंल? त्यानं तरी बोलायचं का न्हाई?" मग ताट बाजूला सारत म्हणाल्या, "लिव त्याला. माझ्या नावानं नगं लिवू. पर लिव."

तर लिहिलं.

आता मला नीट सांग. तू म्हणतोस मोठं इंजिन म्हणजे जास्त माणसं. लहान घेतलं तर यंत्रानेच दमणार. मग मी करू काय? बायका आपली मिरची यंत्राजवळ एकटी सोडत नाहीत, तुला माहीत आहे. दुसरीच्या तिखटात आपलं मिसळेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतात. एका गावातलं काम संपलं की उरलेल्या दोघी-तिघी "पुढच्या वाडीला सोडा" म्हणतातच. त्यांना नाही म्हणणारं माणूस या घरात जन्माला आलेलं नाही. हे धरून उत्तर दे.

ज्ञानेश्वरी


पाथर्डी
१३ ऑक्टोबर

दादा,

काल दसऱ्याला गाडी घरी आली. पंचवीसशेची, डबल केबिनची. तू लिहिलंस तशीच.

तुझं ते पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "कंपनीच्या कागदावरचं वजन धरू नकोस, आपल्या माणसांचा स्वभाव धर. माणसं बसणारच असतील तर त्यांना पुढे बसायला सीट दे, दोन ओळींची केबिन घे. मागचा भाग लहान होईल, त्यात यंत्र आणि पोती मावतील, माणूस मावणार नाही. केबिन भरली की जागा संपली, मग दाजींना कुणाला न्हाई म्हणायचंच काम उरत नाही." हे वाचल्यावर दाजी स्वतःशीच हसले. आणि पुढे तू लिहिलंस, की एवढं सगळं धरलं तर पंधराशे वळणावर रडेल, पंचवीसशे घे आणि अ‍ॅव्हरेजचं नाव काढू नकोस. अजिनाथलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "डबल केबिनचं आमच्या डोक्यात आलं न्हाई, मच्छूनानाचं बराबर हाय."

चढणीच्या तुझ्या सूचना आरतीने एका कागदावर उतरवून डॅशबोर्डला चिकटवल्या आहेत. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकायचा, वळणात बदलायचा नाही. इंजिन घरघरायला लागायच्या आत खाली यायचं. इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो, तेव्हा घाबरून पाय उचलायचा नाही, दोन्ही पायांनी दाबून हँडब्रेक ओढायचा. ही शेवटची ओळ मी वाचली तेव्हा मला त्या दिवशी तुझ्या पायाखाली काय झालं असेल ते पहिल्यांदा कळलं.

गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सासूबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि तिला "बाय" म्हणून हाक मारली.

पुढच्या मंगळवारी, २२ तारखेला सकाळी, घाटावरच्या गावाला पहिली खेप आहे. ऊसतोडीला जाणारी सगळी घरं त्या दिवशी कांडून घेणार आहेत. आठ वाजता करंजीच्या पायथ्याला असू. आरती चालवणार, शेजारी दाजी, मागे मी आणि सासूबाई. त्यांना म्हटलं तुमचं काय काम, तर म्हणाल्या, "समदे जाऊ द्या आन म्या घरी बसून दम धरू व्हय?"

मला भीती वाटते, दादा. पोरीला दाखवत नाही, तुला सांगते. इंजिन बरोबर घेतलं, केबिन बरोबर घेतली, सगळं केलं, तरी रात्री ते वळण दिसतं. तू ये असं मी म्हणत नाही. तुझे खेपांचे दिवस असतील. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

ज्ञानेश्वरी


पाथर्डी
२२ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा,

चढलो.

आधी तेवढंच लिहून ठेवते, बाकीचं खाली आहे. सगळे धडधाकट घरी आलो. यंत्र दिवसभर चाललं, सगळ्या घरांचं तिखट झालं, माझे हात अजून भगभगत आहेत आणि मला इतकं हलकं वाटतं आहे, की मघाशी चुलीपाशी उगाच हसू आलं.

करंजी सोडली आणि चढण लागली तसे मी डोळे मिटले. मुलीने विश्वासाने मागे बसवलं होतं आणि मी ही अशी. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतल्या. तेवढ्यात आरतीची कटकट सुरू झाली. मागे एक टँकर लागला होता. गुजरातचा, रिकामा. ती हात बाहेर काढून त्याला पुढे जा म्हणत होती आणि तो काही जाईना.

"एवढा रस्ता मोकळा हाय आन ह्यो शानपट्टी करतोय," असं म्हणून तिने त्याला काय काय शिव्या घातल्या. कुठून शिकते देव जाणे. दुधाच्या टेम्पोवर शिकली असेल.

दाजींनी एकदा बाजूच्या आरशात बघितलं आणि म्हणाले, "राहू दे त्याला मागं. तू फुडं बघ."

मग ते वळण आलं. आरतीने आधीच दुसरा टाकला. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, मी श्वास धरला, आणि गाडी काही न बोलता वर निघाली. हिसका नाही, घरघर नाही. भरलेल्या पोटाचा बैल चढावा तशी चढली. वळण मागे पडल्याचं मला सासूबाईंचा हात सैल झाला तेव्हा कळलं.

वर चहाच्या टपरीपाशी आम्ही गाडी बाजूला घेतली. नारळ फोडायचा होता. टँकर आमच्या शेजारून हळूच पुढे गेला आणि नगरच्या दिशेने लागला. थांबला नाही. आरती म्हणाली, आता बरी घाई झाली ह्याला.

दाजी टँकरकडे बघत होते. म्हणाले, "मच्छू हुता."

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"पायथ्यालाच. आधीपासून थांबल्याला हुता कडंला. आपन निगालो तसा मागं लागला."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं आसतं तर पोरीनं फुडं बगितलं आसतं का?" मग नारळ हातात तसाच धरून ते म्हणाले, "रिकामा टँकर चढनीला कुनाच्या मागं राहत न्हाई, ज्ञानू. मुद्दाम राहिला त्यो. आपली गाडी मागं आली आसती, तर त्याच्यावर आली आसती. दरीकडं गेली नसती."

दादा, मी तिथे टपरीच्या बाकावर बसून सगळ्यांदेखत रडले. टपरीवाल्याने विचारलं, काय झालं? सासूबाई त्याला म्हणाल्या, "काय न्हाई झालं. कायबी न्हाई झालं म्हून रडतीय." आणि स्वतःच पदराने डोळे पुसायला लागल्या. दाजींचं तोंड दुसरीकडे होतं. आरती तेवढी हुशार, म्हणाली, "मामा हुतं व्हय? म्या तर आयमाय काढली त्यांची." मग तीही रडली.

तू एवढा मोठा टँकर घेऊन वाट वाकडी करून आलास, माझ्या पोरीच्या पाठीशी उभा राहिलास, आणि चहाला थांबला नाहीस. तुला माझी भीती वाटली, का सासूबाईंची? तुझ्यावर आता या घरात कुणाचा राग नाही. होता तोही चुकीच्या माणसावर होता, आणि बरोबर माणसाने आज संध्याकाळी स्वतः मिरजगावला फोन करून वहिनीला सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. एक शब्द गाळला नाही त्यांनी.

सासूबाईंनी सांगितलं आहे, या वेळी त्यांच्या नावाने लिही. तर त्यांच्या नावाने लिहिते: आक्काबाई म्हणतात, दिवाळीला ये, म्या वाईट बोलले हुते, आता जेवू घालीन.

आणि माझ्या नावाने हे. तीन तारखेला भाऊबीज आहे. दुपारपर्यंत तू दारात दिसला नाहीस तर आरती गाडी काढील, मी ताट घेऊन पुढे बसेन, आणि तुझा टँकर ज्या रस्त्यावर असेल तिथे आडवी गाडी लावून, सगळ्या ट्रकवाल्यांच्या समोर तुला ओवाळीन. इंजिन पंचवीसशेचं आहे. गांधीधामपर्यंतसुद्धा येईन.

तुझी,
ज्ञानू